लाइव्ह रॉक पातेल्यात उकळायचे नसतात

रविवारी सकाळी भांडुपहून भाच्याचा फोन. "मावशी, माशांचा टँक मिळाला, चार फुटी, खाऱ्या पाण्याचा, दगडांसकट. दगड उकळायला ठेवतोय." मी ओरडलेच, "आधी गॅस बंद कर!"

त्याला 'जुना मरीन टँक एका दिवसात नवा' असा फॉरवर्ड आला होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला. त्यात म्हटलंय: दगड वीस मिनिटं उकळा, काच ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून घासा, साबण लावू नका, पाणी चौपाटीवरून आणा आणि संध्याकाळी मासे सोडा.

आधी उकळण्याचं बोलू. हे दगड म्हणजे लाइव्ह रॉक; त्यांच्यावर आणि आत समुद्री जीव आणि जिवाणू राहतात. जुन्या टँकच्या दगडांवर बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे झोअँथिड, म्हणजे प्रवाळासारखे जीव, चिकटलेले असतात. त्यांच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन असतं. समुद्री जीवांत सापडणाऱ्या सर्वात जहाल विषांपैकी हे एक. 1971 साली हवाईतल्या अशाच एका जातीतून ते वेगळं काढलं गेलं. उष्णतेने ते सहज नष्ट होत नाही. उकळताना ते वाफेच्या बारीक थेंबांबरोबर हवेत जातं आणि आपण ते श्वासातून आत घेतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने 2015 मध्ये आपल्या साप्ताहिकात अलास्कातली प्रकरणं छापली आहेत. 2012 ते 2014 या काळात मत्स्यालयाच्या दुकानात आणि राहत्या घरांत झोअँथिडमुळे आजारी पडलेल्या माणसांची ही नोंद आहे. खोकला, धाप, ताप, तोंडात धातूची चव अशी लक्षणं असतात. भाच्याचं घर वन रूम किचन. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, आणि आतल्या खोलीत माझी दम्याची आई. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे कुणाच्या स्वयंपाकघरात होणार आहे, याचा क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

दगड वाळवून ब्रशने घासणंही तितकंच वाईट. ओले असतानाच, जाड हातमोजे आणि चष्मा घालून, गॅलरीत पाणी घातलेल्या ब्लीचच्या बादलीत बुडवायचे. बटणं जास्त असतील तर तो दगड घेऊच नये.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग म्हणजे थेट इस्पितळाची वाट. काचेवरचा पांढरा चुन्याचा थर व्हिनेगरने खरंच छान सुटतो, तेवढं मान्य. साबण नको, हेही बरोबर. पण ब्लीच आणि व्हिनेगर वेगवेगळ्या दिवशी वापरा आणि मध्ये भरपूर धुऊन घ्या. ब्लीचनंतर उरलेलं क्लोरीन मारणारं अँटी-क्लोरीन टाकून टँक पूर्ण वाळू द्या.

चौपाटीच्या पाण्याचा मोह मला कळतो. अडीचशे लिटरच्या टँकला जवळपास नऊ किलो मरीन सॉल्ट लागतं आणि ते स्वस्त नाही. पण आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी येतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. जेवणातलं मीठही चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं.

संध्याकाळी मासे सोडणं तर शक्यच नाही. ब्लीचने दगडातले जिवाणूही मेले. अमोनिया पचवणारे नवे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे आपल्याच विष्ठेच्या विषाने मरतील.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र विकणाऱ्याला जरूर विचारा: टँकमध्ये कधी कॉपरचं औषध घातलं होतं का? त्यातलं तांबं वाळूत आणि काचा जोडणाऱ्या सिलिकॉनमध्ये मुरतं. माशांना ते कदाचित चालेल, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ त्यात तग धरत नाहीत. जुनी वाळू मी तर सरळ टाकूनच देते.

भाच्याने विकणाऱ्याला फोन केला. कॉपर घातलं होतं. वाळू टाकली, दगड गॅलरीत बादलीत आहेत आणि टँक थर्माकोलवर ठेवून गळती तपासायला साध्या पाण्याने भरलाय. चोवीस तास उद्या दुपारी पूर्ण होतील.