टकटक वाजतेय? मग बंद करा ना!

हार्डडिस्क टकटक वाजायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय काय? पुन्हा चालू करून बघायची! मग केबल बदलून. मग शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला लावून. अरे भो, आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, गेलंय बहुतेक! दर वेळी चालू केली की ते प्लॅटर, म्हणजे डेटा साठवणारी चकती, खरवडू शकतं, आणि खरवडलेल्या जागचा डेटा मुंबईचा काय, जगातला कोणीच परत आणत नाही.

तरी कोणीतरी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, मारतोच. कोणी फ्रीजरमध्ये ठेवतो, मटारशेजारी. कोणी तर दुकानाच्या टेबलावरच झाकण उघडतो. जळगावचा मे महिना, पंखा फुल्ल, दारातून धुरळा आत! हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. तिथे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आडवा धोंडा.

'सर्किट बोर्ड बदलून देतो, पाचशे द्या.' आणि जुन्या बोर्डावरची रॉम चिप? त्या डिस्कच्या स्वतःच्या जुळणीची माहिती तिच्यात असते, ती चिप नव्या बोर्डावर कोण बसवणार?

भरताची वांगी घेताना दहा प्रश्न, इथे एकही नाही! क्लीन बेंच, म्हणजे धूळमुक्त हवेचं टेबल, आहे का? आधी क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढणार ना? जिचं हेड काढून बसवायचं त्या डोनर डिस्कचे पैसे वेगळे का? पैसे घेण्याआधी फायलींची यादी दाखवणार? काहीच नाही निघालं तर किती? विचारा, उत्तर ठरलेलं: 'भाऊ, टेन्शन नका घेऊ.'

आणि वाचवलेला डेटा त्याच डिस्कवर परत भरून देणारे महाभाग? त्यांना तर कोपरापासून नमस्कार!