खिडकी उघडते, पण थांबत नाही

कामाला बसायचं म्हणजे मला आधी टर्मिनलच्या, म्हणजे टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम सोडायच्या, चार काळ्या खिडक्या उघडाव्या लागतात. एकीत डेटाबेस, दुसरीत सर्व्हर, तिसरीत वेबसाइटचा दिसणारा भाग, आणि चौथीत लॉग, म्हणजे आधीच्या तिघींपैकी कोण कशावरून रुसलीय त्याची खबर देणारी. प्रत्येकीत टाइप करायच्या कमांड वेगळ्या आणि त्यांचा क्रम ठरलेला. आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये शिरा, मग पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या लायब्ररींचा वेगळा कप्पा, चालू करा, मग सर्व्हर. मधली पायरी गाळली की पायथन अमुक लायब्ररी सापडत नाही म्हणून हात वर करतो, आणि ती लायब्ररी आपण कालच घातलेली असते.

हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहावं, एंटर दाबावं, खिडक्या आपापल्या उघडाव्यात, कमांड एकापाठोपाठ चालाव्यात आणि तेवढ्यात आपण चहा गाळून यावं, इतकीच माझी अपेक्षा. सगळ्या जगाची कामं कॉम्प्युटरवर सोपवून बसलेल्या माणसांनी एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. आणि खिडकी उघडणं खरंच सोपं आहे. तिला थांबवून ठेवणं हे निराळं प्रकरण.

रीत अशी: आधी ग्नोम टर्मिनलचं, म्हणजे माझ्या उबुंटू लिनक्सवर या काळ्या खिडक्या उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, मग दोन डॅश, मग कमांड. आता कमांड दोन असतील तर? "सीडी प्रोजेक्ट; पायथन सर्व्हर" असं कुणीही शहाणा माणूस लिहील; सीडी म्हणजे त्या फोल्डरमध्ये जा. पण सेमिकोलन दिसला रे दिसला की आपण ज्या खिडकीत बसलोय तिथलं शेल, म्हणजे आपण टाइप केलेलं वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ओळ तिथेच तोडतं. पहिला तुकडा नवीकडे जातो, दुसरा जुनीकडेच राहतो. नव्या खिडकीच्या वाट्याला नुसतं "सीडी", आणि इकडे जुन्या खिडकीत सर्व्हर भलत्याच फोल्डरमध्ये उभा राहायची खटपट करतो. बरं, उबुंटूत सीडी नावाचा वेगळा प्रोग्रॅमच नाही. ती शेलच्या पोटातली कमांड. प्रत्येक प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, पत्ता तिचा तिच्यापाशी असतो, त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम फोल्डर बदलेल तो स्वतःपुरता, आणि बदलून मरेल. आपण होतो तिथेच. हे सगळं तर्काला धरून आहे, मला मान्य आहे. नवी खिडकी मात्र इतकं समजावत बसत नाही. चाइल्ड प्रोसेस तयार करता आली नाही, एवढं म्हणून मोकळी होते.

म्हणून मग सगळ्या कमांड एका कोटात, म्हणजे अवतरणचिन्हांत, बांधायच्या आणि "बॅश -सी"च्या हवाली करायच्या. बॅश हे उबुंटूचं नेहमीचं शेल, आणि -सी म्हणजे पुढच्या कोटातलं चालव. हा खरा मार्ग. इथून पुढे खिडकी उघडते, आत काहीतरी लाल-पांढरं उमटतं, आणि ते वाचायच्या आत ती मिटते. कुरिअरवाला बेल वाजवतो आणि आपण ओल्या हातांनी कडी काढेपर्यंत "घर बंद" अशी नोंद करून जिना उतरलेला असतो, अगदी तसं. आमची आई जिल्हा परिषदेतून निवृत्त झाली आहे. ती शेजारी बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "अगं, आत्ता काळं काहीतरी आलं आणि गेलं. लाइट गेले होते का?"

लाइट गेले नव्हते. टर्मिनलचा हिशेब असा की खिडकीला एक प्रोसेस सोपवलेली असते. ती संपली की खिडकीचं काम संपलं. बॅशने दिलेल्या कमांड चालवल्या, त्यातली एक कोसळली, बॅश संपलं, खिडकी मिटली. कमांड का कोसळली हे जिच्यावर लिहिलं होतं ती खिडकीच गेली. एरर वाचायची असेल तर एरर येता कामा नये, असा हा कारभार.

एक्सटर्म नावाच्या दुसऱ्या टर्मिनलला खिडकी धरून ठेवणारा "होल्ड" नावाचा पर्याय आहे, कॉन्सोल नावाच्या तिसऱ्याला "नो क्लोज" आहे. ग्नोम टर्मिनलमध्ये तो कमांडच्या ओळीत मिळत नाही. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन, कमांड संपल्यावर काय करायचं ते ठरवावं लागतं. तिथे तीन पर्याय आहेत: खिडकी बंद करा, खिडकी तशीच ठेवा, आणि कमांड पुन्हा चालवा. तिसरा पर्याय ज्याने घातला तो माणूस फार आशावादी असणार. जाणकार मंडळी सेटिंगच्या नादाला लागत नाहीत. ती कमांडच्या शेपटीला "एक्झेक बॅश" लावतात, म्हणजे सगळं उरकल्यावर त्याच जागी नवं बॅश बसतं आणि खिडकीला मिटायला निमित्त उरत नाही.

याने काम होतं. आपण कंट्रोल-सी दाबेपर्यंत.

कंट्रोल-सी सर्व्हर थांबवण्यासाठी दाबायचं. पण तो इशारा एकट्या सर्व्हरला जात नाही, त्याला चालवणाऱ्या बॅशलाही जातो. बॅश आधी सर्व्हर कसा गेला ते बघतं. त्याने इशारा ऐकून, आवराआवर करून, नीट निरोप घेतला असेल तर बॅश पुढच्या कमांडकडे वळतं आणि खिडकी राहते. तो इशाऱ्याच्या धक्क्यानेच मेला असेल तर बॅशही त्याच्याबरोबर जातं, आणि शेपटीला लावलेलं एक्झेक बॅश वाट बघत राहतं. म्हणून एक सर्व्हर थांबवला की खिडकी राहते आणि दुसरा थांबवला की जाते. ज्याला हा नियम ठाऊक नाही तो बिचारा कीबोर्ड बदलतो. उपाय आहे: सुरुवातीलाच "ट्रॅप" लावून तो इशारा बॅशने मनावर घ्यायचा नाही असं सांगायचं. म्हणजे आता दोन कमांड चालवण्यासाठी आपण चार लिहिल्या.

कोटांचं दुःख मात्र जुनं आहे. स्टीव्ह बोर्न यांनी बेल लॅब्समध्ये लिहिलेलं शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी बॅश आणलं, आणि सिंगल कोट व डबल कोट यांचा स्वभाव तेव्हापासून आहे तसा आहे. डबल कोटात डॉलरचं चिन्ह आलं की जुनी खिडकीच त्याची किंमत घालून टाकते, नवी उघडायच्याही आधी. डबल कोटात लिहिलं की टेंप फोल्डरमध्ये जा आणि मग डॉलर पीडब्ल्यूडी, म्हणजे आपण सध्या कुठे आहोत, ते छाप. नवी खिडकी टेंपमध्ये जाते, आणि छापते जुन्या खिडकीचा पत्ता. पत्ता घरूनच लिहून दिलेला, ती तरी काय करणार? मी वैतागून "हे डॉलर पीडब्ल्यूडी..." असं मोठ्याने म्हटलं तर आईने चष्म्यावरून बघितलं. "पीडब्ल्यूडीशी तुझा काय संबंध? तिथे काही हवं असेल तर सांग, आमच्या वेळचे एकदोघं ओळखीचे आहेत."

सिंगल कोट वापरले की डॉलर सुखरूप पोचतो. पण सिंगल कोटाच्या आत सिंगल कोट चालत नाही, उलटी रेघ लावूनसुद्धा नाही. कोट बंद करायचा, बाहेर येऊन उलटी रेघ लावून एक कोट लिहायचा, पुन्हा कोट उघडून आत शिरायचं. म्हणजे एका चिन्हासाठी '\'' अशी चार चिन्हं. दोन वर्षांनी ही ओळ उघडणाऱ्याला वाटेल कीबोर्डवर पाल पडली असावी.

आमच्या टीममधला एक ज्युनिअर तेव्हा साताऱ्याकडे गावी होता. नेटवर्क असं की स्क्रीन शेअर करायची सोय नाही. मी कमांड फोनवरून मेसेजमध्ये पाठवली. फोनने ती सुंदर करून पाठवली: सरळ कोटांचे वळणदार कोट झाले, आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन डॅशची मिळून एक लांबलचक रेघ. बॅशला वळणदार कोट कळत नाहीत. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. शेवटी फोन लावला.

"ग्नोम टर्मिनल, स्पेस, डॅश डॅश."

"मॅम, दोन डॅशमध्ये स्पेस?"

"नाही रे, चिकटून. मग स्पेस. मग बॅश."

"डॅश?"

"बॅश. ब बदकाचा."

"डॅश डॅश बॅश."

"हं. आता डॅश सी."

"बॅश सी?"

"बॅश झालं. बॅशनंतर डॅश."

"म्हणजे डॅश डॅश बॅश डॅश बॅश?"

आई उठून आत गेली. जाताना म्हणाली, "ताक देऊ का तुला थोडं?"

त्याच पोराने जुन्या उत्तरांतून उचललेली "-ई"वाली पद्धतही चालवून पाहिली होती. ती चालते, पण ग्नोम टर्मिनल दरवेळी बजावतं की हा पर्याय आता मोडीत निघालाय, पुढच्या एखाद्या आवृत्तीतून जाईल, दोन डॅश वापरा. काम करून देऊन वर सुनावणारं सॉफ्टवेअर मला तसं आवडतं. न करता सुनावणारी पुष्कळ आहेत.

कमांड कशाने जोडायच्या हा वाद मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. सेमिकोलनला मागचं काम झालं की फसलं याचं काही नसतं, तो पुढे जातो. && मागची कमांड शून्य घेऊन परतली तरच पुढे सरकतो; इथे शून्य मार्क म्हणजे पास, हे शाळेत प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांना पचायला जड जातं. आता कल्पना करा, "त्या फोल्डरमध्ये जा, तिथलं सगळं पुसून टाक" अशी ओळ आहे आणि फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलंय. सीडी फसते, सेमिकोलन पुढे जातो, आणि आपण जिथे होतो तिथलं सगळं पुसलं जातं. घाईत && मधला एक & गळला तरी तेच: सीडी मागे एका वेगळ्या प्रोसेसमध्ये जाऊन फोल्डर बदलून येते, आपण होतो तिथेच, आणि पुसणारी कमांड जोमात. या बाबतीत माझं मत ठाम आहे. सीडीनंतर सेमिकोलन लिहिणाऱ्याला रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड देऊ नये.

एवढं जमल्यावर नवी खिडकी आपले शॉर्टकट ओळखत नाही. "बॅश -सी" म्हणून सुरू केलेलं बॅश घरची बॅशआरसी, म्हणजे हे शॉर्टकट लिहून ठेवलेली, फाइल वाचतच नाही, कारण समोर माणूस बसलाय हे त्याला मान्य नसतं. मग "-आय" लावून पटवायचं की बाबा, मी आहे इथे. आणि शेवटी एक्झेक बॅश झालं की वेगळीच मौज. पायथनचं एन्व्हायर्नमेंट चालूच असतं, पण प्रॉम्प्टवर, म्हणजे टाइप करायच्या जागेआधी उमटणाऱ्या मजकुरात, त्याचं नाव दिसत नाही, कारण नव्या बॅशने प्रॉम्प्ट पुन्हा आपल्या पद्धतीने मांडलेला असतो. ते बंद करायला "डीॲक्टिव्हेट" म्हणावं, तर अशी कमांडच नाही असं उत्तर येतं. ते फंक्शन मागच्या बॅशबरोबर गेलं. जे चालू आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते बंद करता येत नाही.

शिवाय स्क्रिप्ट थांबत नाही. ग्नोम टर्मिनल खिडकी उघडायची सूचना मागे चालू असलेल्या आपल्याच एका प्रोसेसला देऊन लगेच परत येतं. त्यामुळे डेटाबेस डोळे चोळत असताना तिसरी खिडकीसुद्धा कामाला लागलेली असते. यावर जगभर एकच उपाय चालतो: स्लीप पाच, म्हणजे पाच सेकंद गप्प बस. पाचच का? चारने एकदा चाललं नव्हतं.

विंडोजवाले सहकारी हे ऐकून गालात हसतात. त्यांच्याकडे "सीएमडी"ला एकच अक्षर बदलायचं, "/सी" म्हणजे काम करून मिट आणि "/के" म्हणजे काम करून थांब. इतकं साधं. फक्त त्यांच्या "स्टार्ट"ला पहिली गोष्ट कोटात दिली की तो तिला खिडकीचं शीर्षक समजतो, प्रोग्रॅम चालवायचा राहतो आणि वर त्याच्या नावाची सुबक पाटी लागते. ते हे सांगत नाहीत, आपण विचारायचं. मॅकवर ॲपलस्क्रिप्टला सभ्य वाक्यात विनंती करावी लागते, की टर्मिनल नावाच्या ॲप्लिकेशनला सांग, अमुक स्क्रिप्ट कर. त्या विनंतीला सिंगल कोट, आत टर्मिनलसाठी डबल कोट, त्याच्या आत आपल्या कमांडला पुन्हा कोट. सभ्यपणा कोटांत मोजला जातो.

टीमक्स वापर, एकाच खिडकीत चार भाग पाड, असं मला प्रत्येक जण सांगतो. टीमक्स चांगलं आहे. मला चार खिडक्याच हव्यात.

तर आता स्क्रिप्ट चालते. ट्रॅप, -आय, &&, एक्झेक बॅश, स्लीप पाच, सगळं आपापल्या जागी. मी ती अख्ख्या टीमला वाटली. लगेच साताऱ्याच्या पोराला कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि त्याचा फोन आला, "मॅम, ग्नोम टर्मिनल अशी कमांडच नाही म्हणतोय." बघितलं तर उबुंटू २५.१०. या आवृत्तीपासून ताज्या इन्स्टॉलमध्ये ग्नोम टर्मिनलच्या जागी प्टिक्सिस नावाचं दुसरं टर्मिनल येतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने तर हे ४१ व्या आवृत्तीतच केलं होतं.

"त्याला दोन डॅश चालतात का बघ," मी म्हटलं.

"चालतात."

"मग ग्नोम टर्मिनलच्या जागी त्याचं नाव टाक, दोन डॅशच्या आधी न्यू विंडो लाव आणि बाकी सगळं तसंच ठेव."

पलीकडे थोडा वेळ कीबोर्ड वाजला. "मॅम, चाललं. पहिल्या झटक्यात चाललं."

"खिडकी आहे अजून?"

"आहे."

आम्हा दोघांनाही हे काही पटेना. म्हणून त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.