'बाहुलीवर पंप शिकता येतो का?' – पुसदच्या वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप. त्याच्या सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या यंत्रावर, मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे पीएचसीत डॉक्टर टिकत नाही, साप चावला तर माणूस तालुक्याला पळवावा लागतो, आणि ही बाई लाखोंच्या बाहुल्यांचं कौतुक करते. पोहणं विहिरीत उडी मारूनच येतं. वर तुमचा भाचा परफ्युजनच्या, म्हणजे हा पंप चालवायच्या, कोर्सला आहे, आणि त्याला थिएटरमध्ये न्यायचं सोडून सिम्युलेटरच्या खोलीत बसवून ठेवतात.

भाच्याबद्दल मी बरीचशी तुमच्या बाजूची आहे. बाकीच्याबद्दल नाही.

विहिरीचंच घ्या. आपल्याकडे पोट्ट्याला पहिल्यांदा विहिरीत ढकलतात तेव्हा त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधलेला असतो आणि काका वर दोर धरून उभा असतो. शिवाय तिथे बुडायची भीती शिकणाऱ्याला. पंपवर चूक शिकणाऱ्याची आणि बुडतो टेबलावरचा पेशंट.

आता हिशोब करा. मध्यम बांध्याच्या माणसाला पंपवर मिनिटाला साधारण चार लिटर रक्तप्रवाह द्यावा लागतो (शरीराच्या दर चौरस मीटरला 2.4 लिटर धरून). रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे मशीनच्या रक्ताच्या टाकीत, 400 मिली उरलंय, तेवढ्यात सर्जननं हृदय उचललं आणि व्हीनस लाइन (पेशंटकडून टाकीत रक्त आणणारी नळी) दबली. तुमच्या हातात सहा सेकंद आहेत. त्यानंतर रिझर्व्हॉयर कोरडा, आणि हवा पुढे पेशंटमध्ये. टाकीची पातळी पाहणारा लेव्हल सेन्सर असतो, नळीतले बुडबुडे पकडणारा बबल डिटेक्टर असतो, मान्य. पण सारखा वाजतो म्हणून कुणी बंद करून ठेवलेला अलार्म वेळेवर वाजत नाही. हवा गेलीच तर पंप बंद, दोन्ही लाइनी क्लॅम्पनं (चिमट्यानं) बंद, सर्जनला हाक, पेशंटचं डोकं खाली. हा क्रम पुस्तकात वाचून पाठ होतो. हाताला येत नाही.

तुम्ही लिहिता, 'उस्तादाच्या बाजूला उभं राहून शिकावं.' रोजचं काम तसंच शिकतात, मीही तशीच शिकले. पण असा प्रसंग इतका क्वचित येतो की कित्येक उस्तादांनी तो स्वतःच पाहिलेला नसतो. मग ते दाखवणार काय? मुंबईत रोज चार केस करणाऱ्यापेक्षा आपल्याकडे आठवड्याला मोजक्या केस करणाऱ्याला सिम्युलेटरची गरज जास्त आहे, कमी नाही. आणि ही मशीनसुद्धा पेशंटवर शिकत-शिकत आलेली नाही. अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात तिच्या मदतीनं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, त्याआधी कितीतरी वर्षं ते प्राण्यांवरच प्रयोग करत होते.

खेड्यातल्या माणसाला याचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अंगणवाडीतल्या तपासणीत ज्या पोरीच्या हृदयाला छिद्र सापडतं ती मेळघाटातलीही असते, कोरचीतलीही. सरकारी योजनेतून तिचं ऑपरेशन होतं तेव्हा ती याच पंपवर जाते. त्यात आपल्या भागात सिकलसेल. तिला एसएस (आई-बाप दोघांकडून आलेला सिकलसेल) असेल तर शरीर थंड करणं, ऑक्सिजन कमी पडणं, रक्तात आम्ल वाढणं, यातलं काहीही तिच्या लाल पेशींना विळ्यासारखं वाकवू शकतं. अशा पेशंटचं रक्त कधीकधी पंप सुरू होतानाच बदलावं लागतं: व्हीनस लाइनमधून तिचं रक्त पिशवीत काढायचं, आणि त्याच वेळी मशीनमध्ये भरलेलं दात्याचं रक्त आत द्यायचं. इतके क्लॅम्प सांभाळायला दोन हात पुरे पडत नाहीत. पहिला गोंधळ पाण्यावर झालेला बरा.

हो, पाण्यावर. लाखोंचंच यंत्र लागतं असं नाही. मुदत संपलेला ऑक्सिजनेटर (मशीनचा रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग), जुन्या ट्युबिंग, लाल रंगाचं पाणी, पेशंटच्या जागी एक पिशवी, आणि मागून गुपचूप लाइन दाबणारा एक खट्याळ सहकारी. पाणी रक्तापेक्षा पातळ, म्हणून प्रेशर खोटं दिसतं. ग्लिसरीन मिसळलं की बरंच जवळ येतं. महागड्या सिम्युलेटरमध्ये कॉम्प्युटर हेच सगळं जास्त नेटकं करतो, रक्तदाब पडतो, रक्तातल्या गॅसचे आकडे बदलतात. पण हँड क्रँक, म्हणजे पंपाचा हातदांडा, फिरवायला कॉम्प्युटर लागत नाही. वीज गेली, बॅटरीही संपली, तर रोलर पंप (नळी दाबत रक्त पुढे ढकलणारा) हातानं फिरवायचा. अर्ध्या इंची नळीत एका फेऱ्याला साधारण 45 मिली, म्हणजे मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे, आणि तेही योग्य दिशेनं. उलटं फिरवलं तर पेशंटकडून ओढलं जातं. शेतात राबलेल्या पोरांचेही हात पाच मिनिटांत भरून येतात, हे मी पाहिलंय.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. सर्जन म्हणतात, 'चला, पंपवर जाऊ.' एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, आलाय 310, हवा 480 च्या वर. अशा वेळी आपली गावाकडची पोरं गप्प राहतात. मोठ्या डॉक्टरला 'सर, थांबा' म्हणायची सवयच नसते. ती सवय खोट्या थिएटरमध्ये लावता येते. खऱ्या थिएटरमध्ये लावायला गेलं तर उशीर झालेला असतो.

आता भाचा. यंत्र आणायचं, इन्स्पेक्शनला दाखवायचं, पोरांना समोर बसवून निघून जायचं, असं चालतं. मी अशी कुलूपबंद खोली पाहिली आहे. तिथे शिकवणारा नसेल तर तुमचा राग बरोबरच. त्याला विचारा: ड्रिल झाल्यावर कुणी सोबत बसून काय चुकलं ते बोलतं का? ऑक्सिजनेटर बदलताना त्याची वेळ घड्याळ लावून मोजली का? आणि क्रँक स्वतः फिरवला का? तिन्हींना 'नाही' असेल तर त्यानं विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा, थिएटरच्या केसही मागाव्यात. अर्जात काय लिहायचं ते मी सांगते, त्याला इथेच खाली विचारू द्या.