‘आधी जावा शिका, मग शिकवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील नेस्टेड लिस्टच्या, म्हणजे आत आणखी लिस्ट असलेल्या लिस्टच्या, कॉपीवरील लेखात मी म्हटले होते की, अशी कॉपी काढली तरी आतल्या लिस्ट मूळच्याच राहतात. त्या लेखाखाली आपण लिहिले आहे : “कन्स्ट्रक्टरला जुनी लिस्ट दिली की स्वतंत्र कॉपी तयार होते, मी स्वतः चालवून पाहिले आहे, नाहीतर क्लोन आहेच. आधी जावा शिका, मग शिकवा.” (कन्स्ट्रक्टर म्हणजे नवी लिस्ट घडवणारा कोड आणि क्लोन म्हणजे असलेल्या लिस्टची प्रत काढणारी पद्धत.)

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलणे मला भाग आहे. मतभेद असायला माझी हरकत नाही; परंतु ज्या पानावर महाविद्यालयातील मुले नि:संकोचपणे शंका विचारतात, तेथे अशी भाषा वापरली की पुढची शंका विचारण्याआधी ती मुले दहादा विचार करतात. मी जावा १.४ आवृत्तीपासून, म्हणजे जेनेरिक्स (लिस्टमध्ये कोणत्या प्रकारचे घटक असतील हे कोडमध्येच सांगण्याची सोय) येण्याच्या आधीपासून, पोटापाण्यासाठी वापरत आलो आहे. हे सांगण्याची वेळ आपण आणलीत, याचे मला वाईट वाटते. उदाहरणातील व्हेरिएबलची नावे फार त्रोटक होती हा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. ती मी बदलतो.

आता ‘चालवून पाहिले’ याविषयी. आपण दिलेल्या कोडमध्ये कॉपीत एक नवी ओळ, म्हणजे एक नवी आतली लिस्ट, अ‍ॅड केली आहे आणि मूळ लिस्ट बदलली नाही, एवढ्यावर निष्कर्ष काढला आहे. ती बदलणारच नव्हती, कारण बाहेरची लिस्ट खरोखर नवी असते. कॉपीतील पहिल्या जागी सेट करून दुसरीच लिस्ट ठेवलीत तरीही मूळ लिस्टला धक्का लागणार नाही. प्रश्न आतल्या लिस्टचा आहे आणि तिला आपण हातच लावलेला नाही. पहिल्या ओळीत ३३ आणि ६० हे आकडे असतील, तर कॉपीवर गेट(०) करून पहिली आतली लिस्ट घ्या, त्यावर लगेच सेट(०, ३५) करून तिचा पहिला आकडा बदला आणि मूळ लिस्ट छापा. तेथेही ३५ दिसेल. कन्स्ट्रक्टरने आतल्या लिस्टचे केवळ रेफरन्स, म्हणजे त्या कोठे आहेत याचे पत्ते, उचलले, लिस्ट त्याच राहिल्या. सातबाऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून जमीन दोन होत नाही.

क्लोनचेही तेच आहे. अ‍ॅरेलिस्टच्या (जावातील लिस्टच्या नेहमीच्या प्रकाराच्या) अधिकृत दस्तऐवजातच या पद्धतीने शॅलो कॉपी मिळते, घटकांची कॉपी होत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय व्हेरिएबल अ‍ॅरेलिस्टऐवजी लिस्ट या इंटरफेसच्या (कोणत्या पद्धती असाव्यात एवढेच सांगणाऱ्या आराखड्याच्या) प्रकारचे असेल, तर त्यावर क्लोन लिहिल्यास कोड कंपाइलसुद्धा होत नाही, म्हणजे चालण्याआधीच चूक दाखवली जाते. इतरांना ‘आधी शिका’ म्हणणाऱ्याने एवढे पाहून घ्यायला हवे होते.

मी हे पुस्तकातून उचललेले नाही. एका शिक्षणसंस्थेची निकालप्रणाली दुरुस्तीसाठी आमच्याकडे आली होती. ग्रेस गुण दिल्यास किती विद्यार्थी उत्तीर्ण होतील, याचा अंदाज घेण्यासाठी तेथे गुणांच्या लिस्टची अशीच कॉपी काढली जाई आणि अंदाजाचा रिपोर्ट उघडला की मूळ गुणही वाढलेले दिसत. नवा विद्यार्थी कॉपीत टाकून पाहणारी चाचणी त्यांच्याकडेही होती आणि तीही उत्तीर्ण होत होती. आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याची आतली लिस्ट वेगळ्या अ‍ॅरेलिस्टमध्ये ओतून घेतली, तेव्हा तो दोष गेला. आतले इंटिजर न बदलणारे असल्यामुळे त्यापलीकडे जाण्याची गरज पडली नाही.

आतल्या लिस्ट न बदलणाऱ्या ठेवाव्यात म्हणजे कॉपीच लागत नाही, जास्तीची मेमरी खर्च होते आणि आतली लिस्ट नल असेल, म्हणजे त्या जागी लिस्टच नसेल, तर काय, हे आपले उरलेले मुद्दे माझ्या लेखाच्या विषयाबाहेरचे आहेत; त्यांत मी शिरत नाही. आपण सुचवलेल्या लिस्ट.कॉपीऑफने बाहेरची लिस्ट बदलांसाठी बंद होते, आतल्या उघड्याच राहतात, एवढे नमूद करतो.

वर दिलेली गेट आणि सेटची ओळ आपल्या कोडमध्ये घालून जे छापले जाईल ते येथे टाकावे. तोपर्यंत लेखातील ते विधान मी बदलणार नाही.