आधी गोष्ट, मग वही

पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा जीआर महाराष्ट्रात 16 एप्रिल 2025 रोजी निघाला. 17 जूनला त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल अशी मखलाशी झाली आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. हा गदारोळ मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये बसून फोनवर पाहत होते. माझं मत विचाराल तर सक्ती नकोच होती. पण तेवढ्या दिवसांत भाषा कोणती, कितवी आणि कुठल्या इयत्तेपासून, यापलीकडे चर्चा सरकलीच नाही. सहा वर्षांचं पोर त्या भाषेत स्वतःच्या मनातलं चार ओळी लिहील का आणि लिहायचं तर कशाच्या बळावर, हे विचारणारं कुणी माझ्या तरी कानावर आलं नाही.

इथे मी एका प्राथमिक शाळेत लहानग्यांच्या वर्गात मदतनीस आहे. मुलं साधारण पाचव्या वाढदिवसाला शाळेत येतात. आमच्या बाई त्यांना माओरींची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, डोंगरांची कथा सांगतात, हातात पुस्तक न धरता. टोंगारिरो आणि तारानाकी या दोन डोंगरांचं पिहांगा या तिसऱ्या, देखण्या डोंगरावरून भांडण जुंपतं. हरलेला तारानाकी पश्चिमेकडे चालू लागतो, त्याच्या वाटेवर जमीन चिरत जाते आणि त्या चरातून वांगानुई नदी वाहू लागते. मग मुलं तीच गोष्ट शेजारच्याला सांगतात. मूठ म्हणजे डोंगर, जमिनीवर ओढलेला तळवा म्हणजे नदी. दुसऱ्या दिवशी चित्रं काढायची, ती क्रमाने लावायची आणि चित्रावर बोट ठेवून पुन्हा सांगायचं. कुणी अडलं की बाई विचारतात, ‘मग?’ किंवा ‘का बरं?’ पेन्सिल हातात येते ती यानंतर.

यामागचं कारण साधं आहे. काय लिहायचं, कुठल्या क्रमाने, अक्षर कसं काढायचं आणि पेन्सिल कशी धरायची, हे सगळं एकदम अंगावर आलं की मूल गप्प बसतं. गोष्ट चारदा सांगून झाली असेल तर वाक्य तोंडात तयार असतं. हाताला फक्त अक्षरांचं काम उरतं.

माओरी भाषेची इथे आणखी एक मदत होते. पेपेहा म्हणजे स्वतःची ओळख सांगण्याची रीत: माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझी माणसं अमुक. साचा ठरलेला, आतली नावं ज्याची त्याची. कित्येक मुलांचं पहिलं सलग लेखन हेच असतं. शिवाय अक्षरं मोजकी, स्वर पाच, आणि लिहिलं तसं बोललं जातं. इंग्रजी स्पेलिंगशी झटापट करणारं पोर नदीला ‘आवा’ आणि डोंगराला ‘मौंगा’ मात्र बिनचूक लिहितं.

हे कुणी आयतं दिलेलं नाही. 1867च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळा इंग्रजीच्या दावणीला बांधल्या. पुढे आपली भाषा बोलल्याबद्दल वर्गात मार खाल्लेली पिढीच्या पिढी झाली. 1972 साली माओरी भाषेसाठी तीस हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन संसदेत गेलं. 1982 मध्ये पहिलं कोहांगा रेओ, म्हणजे माओरी बालवाडी, सुरू झालं. तिथे आजी-आजोबा तान्ह्या मुलांशी फक्त माओरीत बोलत. राजभाषेचा दर्जा 1987 मध्ये मिळाला, बालवाड्या सुरू झाल्यानंतर. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटले गेले, तेव्हा हा क्रम मला राहून राहून आठवत होता.

इथेही सगळं आलबेल नाही. ऑगस्ट 2025 मध्ये बातमी आली की उच्चारांवरून वाचन शिकवणाऱ्या सरकारी वाचनमालेच्या नव्या पुस्तकांत नावं सोडून माओरी शब्द नसतील. इंग्रजीचे उच्चारनियम शिकताना दुसऱ्या भाषेचे स्वर मध्ये आले तर मूल गोंधळतं, असा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण ही मुलं ते शब्द पाळण्यापासून ऐकतात. ओळखीचा शब्द छापील पानावर भेटण्यातलं बळ या हिशेबात धरलेलं दिसत नाही. शिक्षक चिडले, ते बरंच झालं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? ‘आटपाट नगर होतं’ ही सुरुवात तयार, ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हा शेवटही तयार. मधली कहाणी तेवढी मुलाची. चिऊताईच्या दाराशी कावळा पुन्हा पुन्हा तेच विचारतो आणि दर वेळी नवं कारण मिळतं. असा लेखनाचा साचा कुठल्या कार्यपुस्तिकेत आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला ढोरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. आपण मात्र ‘आलतो’ म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच वाक्याला ‘आलो होतो म्हण’ असं दटावतो आणि मग निबंध पाठ करून घेतो. शुद्धलेखन हवंच, पण ते वाक्य कागदावर उतरल्यावर.

इथल्या एका रविवारच्या मराठी वर्गातही ‘अ अननसाचा’पासूनच सुरुवात व्हायची आणि दिवाळीपर्यंत निम्मी मुलं गळायची. आता एक ताई पहिले काही आठवडे नुसत्या गोष्टी सांगतात आणि मुलांकडून सांगून घेतात. मुलं टिकली आहेत. तक्रार आई-बाबांची आहे: इतके रविवार झाले तरी वही कोरीच कशी?