लॅपटॉपचं नाव काय म्हणालात?

लॅपटॉप जुना झाला की सरळ नवा घ्यावा, याबद्दल आमच्या सोसायटीत एकमत आहे. तो सोसायटीच्या पैशांनी घ्यायचा की सेक्रेटरीच्या, याबद्दलही एकमत आहे. सेक्रेटरी मी आहे.

लॅपटॉप मुळात माझ्या भाच्याचा. २०१३ सालचा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, त्या काळी 'गेमिंगचा' म्हणून मिरवलेला. कीबोर्डखाली लाल दिवे लागतात, मागे गरम हवा सोडायला दोन जाळ्या आहेत आणि वजन असं की लोकलमध्ये मांडीवर घेतला तर शेजारची बाई न सांगता सरकते. त्याने नवा घेतला तेव्हा "मावशी, तुला बिलं करायला चालेल" म्हणून हा माझ्या गळ्यात पडला. ज्यावर रात्र रात्र राक्षस मारले गेले, त्यावर आता सिंकिंग फंड, पार्किंग चार्जेस आणि थकबाकीवरचं व्याज निघतं. राक्षस बरे होते. निदान मेल्यावर पावतीत दुरुस्ती मागायला येत नव्हते.

दुखणं सुरू झालं ते असं. एक्सेलमध्ये बेरीज चालू असताना स्क्रीन काळा पडायचा, मग आपणच परत यायचा, आणि कोपऱ्यात निरोप: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि स्क्रीनवरचं चित्र काढणारी ग्राफिक्स चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम.) विंडोजमध्ये व्हिस्टा या जुन्या आवृत्तीच्या काळापासून ही सावरायची सोय आहे म्हणे. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की ती अडकली असं धरायचं आणि तिला नव्याने उभं करायचं. दोन सेकंद! आमच्याकडे थकबाकीच्या नोटिशीला दोन वर्षं उत्तर न देणारे सभासद आहेत आणि त्यांना नव्याने उभं करायची तरतूद उपविधींत कुठेही नाही.

भाच्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, "रिस्टार्ट करून बघितलंस?" हा प्रश्न मला यांनी, वॉचमनने आणि दुधाचे पैसे न्यायला आलेल्या मुलानेही विचारून झाला होता. मग त्याने सांगितलं की या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपा दोन आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातच, साधी, कमी विजेवर भागवणारी. दुसरी वेगळी, ताकदीची, चालू झाली की पंखा घुमवणारी. त्याने बरंच तांत्रिक सांगितलं, पण मला ते एका घरातल्या दोन जावांसारखं दिसलं. रोजचा स्वयंपाक धाकटीने करायचा, पंगत असली की थोरलीने पदर खोचायचा. पण थोरलीने रांधलेलंही बाहेर नेऊन वाढायचं धाकटीनेच, कारण स्वयंपाकघराचं दार तिच्या बाजूला. अगदी तसंच आहे ते. मोठ्या चिपने काढलेलं चित्रसुद्धा धाकटीमार्फतच स्क्रीनवर पोचतं. त्यामुळे एकीचा ड्रायव्हर रुसला की दुसरीचंही अडतं. वर दोघींची माहेरं, म्हणजे चिपा बनवणाऱ्या कंपन्या, वेगवेगळी.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी, उघडला. थोरलीच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. त्यावर दोनदा क्लिक केलं तर लिहिलेलं: या उपकरणाने अडचणी कळवल्यामुळे ते थांबवण्यात आलं आहे, कोड ४३. कसल्या अडचणी, ते नाही. तक्रार केली म्हणून तक्रार करणाऱ्यालाच बाहेर बसवायचं, ही पद्धत मला जनरल बॉडीतून चांगली माहीत आहे.

आता दोन्ही ड्रायव्हर मुळापासून काढायचे. त्यासाठी सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी सामानावर चालवून, जायचं, डीडीयू नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, तो जुन्या ड्रायव्हरचं सगळं उष्टंखरकटं काढून टाकतो. काढलं. लॅपटॉप उठला तो बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर. सगळं ऐसपैस, एक-एक आयकॉन बशीएवढा, आणि अक्षरं अशी की यांनी सोफ्यावरून, चष्मा न लावता, ४०३ची थकबाकी मोठ्याने वाचली. "हे छान आहे की. असंच राहू दे," म्हणाले. दार उघडं होतं. ४०३ आमच्या बरोबर वर आहे.

मग एका माहेरच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर उतरवला. साडेतीनशे-चारशे एमबी. तो उघडला, त्याने लायसन्स वाचायला लावलं, लॅपटॉप तपासला आणि सांगितलं की हा ड्रायव्हर या संगणकासाठी प्रमाणित नाही, योग्य ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडून घ्यावा. हेच चारशे एमबी उतरवायच्या आधी सांगता आलं असतं, पण सरकारी असो की खाजगी, खिडकीवरचा माणूस तुमचा नंबर आल्यावरच सांगतो की ही ती खिडकी नव्हे.

लॅपटॉपवाल्या कंपनीच्या पानावर गेले. तिथला शेवटचा ड्रायव्हर विंडोज ८.१ चा. माझ्याकडे विंडोज १०. आणि त्या विंडोज १०ची मुदतसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली. ११ वर जावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे पुढे जायला बंदी, मागे जायला गाडी नाही, आणि आहे तिथे राहायचं तर आपल्या जबाबदारीवर.

भाच्याचा एक मित्र म्हणाला, "काकू, विंडोज काढून लिनक्स टाका, सगळे प्रश्न संपतील." लिनक्सबद्दल मला आदर आहे. पण मी थोडं वाचलं तर कळलं, की २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एका ग्राफिक्स कंपनीला भर कार्यक्रमात, कॅमेऱ्याकडे बघून, मधलं बोट दाखवलं होतं आणि वर शिवीही दिली होती. ज्याने ऑपरेटिंग सिस्टीम जन्माला घातली त्याचा ग्राफिक्सपायी एवढा तोल गेला, तर सोसायटीच्या सेक्रेटरीने काय करावं? मला खरं सांगायचं तर फार हलकं वाटलं. पण लिनक्स टाकलं नाही.

ड्रायव्हर शेवटी बसला तो मागच्या दाराने. फाइल उघडून ठेवायची, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मी स्वतः निवडते' म्हणायचं, मग 'हॅव डिस्क' हे बटण दाबायचं. डिस्क कुठेच नसते, पण 'आहे' म्हणायचं. की तो गुपचूप आत घेतो. पिवळा त्रिकोण गेला. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत स्क्रीन काळा.

"मग आता बायोस अपडेट," भाचा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज गंभीर झाला.

बायोस म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्रॅम. तो मदरबोर्डवरच्या एका इवल्या चिपमध्ये राहतो आणि सगळ्यांना उठवतो. आमचा तर आधीच विसराळू झाला होता. त्याची तारीख-वेळ सांभाळायला बोर्डवर एक छोटा सेल असतो. तो संपल्यामुळे चार्जर काढला की लॅपटॉप थेट २०१३ च्या १ जानेवारीला जायचा. मग एकही साइट उघडायची नाही, कारण प्रत्येकीचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटायचं. त्यातच एकदा बिलं छापली गेली. ४०३ने ते बिल परत पाठवलं, वर शेरा: 'सदर मागणी मुदतबाह्य आहे.'

बायोस अपडेट करताना अर्ध्यावर काही बिघडलं तर लॅपटॉप उठतच नाही. ही भीती जुनी आहे. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ ला जगभरच्या कितीतरी संगणकांवर हार्ड डिस्क पुसली आणि जमेल तिथे बायोसही. तारीख चर्नोबिलच्या अपघाताची, म्हणून त्याला चर्नोबिल हेच नाव पडलं. हे सगळं वाचून झाल्यावर कंपनीच्या पानावर 'या अपडेटने काय सुधारलं' ते पाहिलं. एकच ओळ: सिस्टीमची स्थिरता वाढवली. त्याच्या आधीच्या अपडेटखाली तीच ओळ. त्याच्या आधीच्याही. एवढी स्थिरता वाढत गेलेला लॅपटॉप खरं तर जागचा हलायला नको होता.

अपडेट चालवलं. त्याने अट घातली: चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही अमुक टक्के भरलेली हवी. माझी बॅटरी गेली कित्येक वर्षं '० टक्के, प्लग्ड इन, चार्ज होत नाही' या अवस्थेत सुखी होती. नवी मागवली. ती आली, चार्ज झाली, अट पुरी झाली. आता त्याने लॅपटॉप तपासला आणि म्हणाला, हा बायोस या मॉडेलसाठी नाही.

मॉडेल तर हेच. खात्री करायला कमांड प्रॉम्प्टवर ती ओळ टाइप केली, जिने लॅपटॉप स्वतःच आपला सिरीयल नंबर सांगतो. त्याने सांगितलं: 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे कारखान्यात भरायची ती जागा कोणी भरलीच नव्हती. मॉडेलच्या जागीही तेच. माझ्यासमोर एक यंत्र होतं, ज्याला आपलं नाव माहीत नव्हतं.

कंपनीच्या चॅटवर गेले.

"सिरीयल नंबर द्या, मॅम."

दिला.

"हा नंबर अवैध आहे, मॅम."

"मलाही तसंच वाटतं. पण त्याच्याकडे हाच आहे."

"लॅपटॉपच्या खाली स्टिकर असेल, मॅम."

स्टिकर होता. गरम हवेच्या जाळीला लागूनच चिकटवलेला, त्यामुळे त्यावरची अक्षरं केव्हाच उडून नुसता पिवळट चौकोन राहिलेला. फोटो मागितला म्हणून चौकोनाचा फोटो पाठवला.

"थोडा स्पष्ट फोटो पाठवाल का, मॅम?"

फोटो अत्यंत स्पष्ट होता. चौकोनाचे चारही कोपरे दिसत होते. मी तसं लिहिलं. बराच वेळ तीन टिंबं नाचली आणि उत्तर आलं, की तुमचं मॉडेल आता सपोर्टच्या कालावधीत नाही. "मॉडेल कोणतं ते तुम्हाला कसं कळलं?" असं मी विचारलं, आणि चॅट बंद होऊन पाच चांदण्या उगवल्या. अनुभव कसा वाटला?

शेवटी कापडी पिशवीत घालून लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला नेला. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तसं विचारलं तर रस्ता सांगणारा आधी आपल्याकडे नीट बघतो. भाच्याने दिलेला पत्ता एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा गाळा निघाला. आत एक पोरगेला माणूस कपाळावर भिंगाचा चष्मा चढवून बसला होता. त्याने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढून चुंबकाच्या बशीत टाकले, आत एकदा बघितलं आणि म्हणाला, "ताई, बोर्ड चेंज झालेला आहे याचा. आधी कोणीतरी बदललाय आणि नाव-नंबर टाकलेलाच नाही."

मी तिथूनच भाच्याला फोन लावला. "अगं हो, कॉलेजात असताना कोल्ड कॉफी सांडली होती," तो म्हणाला. "पण ते झालं होतं की नीट!"

पुढचं काम मी उभ्याने बघितलं. बोर्डवर बायोसची ती इवली चिप, आठ पायांची, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. तिला त्याने कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी एक क्लिप लावली. क्लिपची रंगीत वायर प्रोग्रॅमर नावाच्या एका छोट्या यंत्राला, ते यंत्र त्याच्या लॅपटॉपला. आधी चिपमधलं होतं ते सगळं वाचून बाजूला ठेवलं. "आधी बॅकअप. मारायचं नंतर," म्हणाला. या रस्त्यावर विंडोजही 'मारतात' आणि बायोसही 'मारतात', म्हणजे नव्याने टाकतात. मग नवा बायोस, त्यात योग्य नाव, योग्य मॉडेल. पट्टी हळूहळू भरत गेली. मी श्वास धरून उभी. तो तोवर शेजारच्या गाळेवाल्याशी दाबेलीवरून वाद घालत होता. मेलेला सेलही बदलला. काळ्या वेष्टनातला, दोन वायरी निघालेला, नाण्याएवढा. लॅपटॉप चालू झाला. तारीख आजची.

आणि स्क्रीन परत काळा पडला.

"ताई, गेम खेळता का?" त्याने विचारलं.

"सोसायटीची बिलं करते."

"मग मोठं ग्राफिक्स बंदच करून टाका. चिप थकलीये. हीट मारून, म्हणजे चिप तापवून, देऊ शकतो, पण दोन-तीन महिने चालेल, परत माझ्याकडेच याल. कशाला पैसे घालवता?" या नव्या बायोसमध्ये मोठी चिप झोपवायचा पर्याय होता. त्याने तो निवडला, सेव्ह केलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पंख्याचा आवाज थांबला. हा सल्ला आधीच्या कोणत्याही कंपनीने दिला नव्हता, आणि याचे त्याने पैसेही घेतले नाहीत. बायोस मारल्याचे घेतले.

भाच्याला कळलं तेव्हा तो हळहळला. "मावशी, अगं त्या कार्डासाठीच तर एवढे पैसे मोजले होते मी!" मी म्हटलं, बाबांनी मोजले होते. तिकडून फोन ठेवला गेला.

बिलं वेळेवर निघाली, बरोबर तारखेची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात ४०३. हातात बिल नव्हतं. काखोटीला प्रिंटर होता.

"वहिनी, हा कागद ओढतो, पण छापत नाही. तुमचा आता हात बसलाय म्हणे."

मी त्यांना आत घेतलं, सोफ्यावर बसवलं आणि विचारलं, "याचा सिरीयल नंबर आहे का? आणि मागची थकबाकी चेकने देताय की यूपीआयने?"