‘निळ्या पडलेल्या पेशंटसमोर वाचन?’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

भूल देताना अचानक काही बिघडलं तर उघडायच्या याद्यांवर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: ‘पेशंट निळा पडत असताना कागद वाचणारा भूलतज्ज्ञ मला माझ्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नको. आमच्याकडे येणारे वीस-वीस वर्षं मुरलेले आहेत. शिवाय हे खूळ कॅनडात फसलंय.’

कॅनडाचं आधी उरकतो. 2014 साली ओंटारिओतल्या 101 हॉस्पिटलांचा अभ्यास आला आणि मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, हे खरं. पण ती यादी प्रत्येक ऑपरेशनच्या आधी-नंतर भरायची. वरून हुकूम आला की टिकमार्क कसे पडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! मी म्हणतोय तशा, प्रसंग ओढवल्यावरच उघडायच्या पानांची चाचणी 2013 साली छापून आली. 17 टीम, 106 बनावट प्रसंग. करायलाच हव्यात अशा गोष्टींपैकी यादी नसताना 23 टक्के राहून गेल्या, यादी असताना 6 टक्के. प्रसंग नकली होते, त्यामुळे जीव किती वाचले ते त्यावरून सांगता येत नाही. तेवढं तुमच्या बाजूने धरा.

आता मुरलेल्या हाताचं. ब्लॉक, म्हणजे हात-पाय बधिर करायचं इंजेक्शन, देताना औषध चुकून शिरेत गेलं, झटके आले, हृदय थांबलं. मुरलेला हात सवयीने अ‍ॅड्रेनालिन 1 मिलिग्रॅम देणार. इथे नेमकं तेच नको. अ‍ॅड्रेनालिन वजनाच्या किलोमागे 1 मायक्रोग्रॅमच्या आत, आणि सोबत 20 टक्क्यांचं लिपिड, म्हणजे शिरेतून द्यायचं दुधासारखं स्निग्ध द्रावण, किलोमागे दीड मिली. सत्तर किलोच्या माणसाला साधारण 100 मिली. घाईत कोणी ‘पांढरंच आहे ना’ म्हणून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध उचललं, तर आणखी घोळ. असा प्रसंग कित्येकांना उभ्या आयुष्यात भेटत नाही, मग मुरायचं कशात?

आणि कागद भूलतज्ज्ञाने वाचायचाच नाहीये. त्याचे हात मास्कवर अडकलेले. वाचायचा सिस्टरने, मोठ्याने. म्हणून तर ही पानं बनवताना टायपाच्या आकारावर मी इतका वेळ घालवला. एका पानावर एकच प्रसंग, ओळ एका दमात संपणारी, वजनाचे हिशेब आधीच करून छापलेले. ‘आवश्यकतेनुसार विचार करावा’ छाप वाक्यं बाद. ती ऐकून कोणी काय करायचं? आपल्या सोलापुरात सिस्टर घरी तेलुगू बोलणारी असेल, भूलतज्ज्ञ कन्नड. तेव्हा औषधाचं नाव अँप्यूलवर (काचेच्या कुपीवर) असेल तसंच, बाकी साधं मराठी.

तुमचे मुरलेले डॉक्टर सकाळी ‘सात रस्ता’ चौकात सीझर करून दुपारी होटगी रोडला हर्नियाला पोचतात. कपाट दर ठिकाणी वेगळं. म्हणून लिपिडच्या पानाच्या तळाशी दोन रिकाम्या जागा ठेवल्यात: बाटली कुठे आहे, आणि मुदत कधी संपते. त्या ओटी इन्चार्ज सिस्टरने पेनाने भरायच्या. पान मी फुकट पाठवतो. बाटली मात्र तुम्हालाच विकत आणून ठेवावी लागेल, सर.